अकरा चिंचोके

माझी मुलगी दुसरीत असताना गोल्फ शिकली. हे मी ज्याला ज्याला सांगतो तो आधी माझ्या चपलांकडं बघतो आणि मग विचारतो, "कुठं, पुण्याला का?" पुण्याला नाही हो, बीड जिल्ह्यात. तेही त्या दुष्काळात, जेव्हा आमच्या कॉलनीत आठव्या दिवशी नळाला पाणी यायचं आणि आलं म्हणेपर्यंत जायचं. समोरचा माणूस हसतो. मला राग येतो. राग मला लवकर येतो आणि नको तिथंच येतो. जिथं यायला पाहिजे होता तिथं तो कसा आला नाही, तेवढंच सांगायला आज बसलोय.

मी तेव्हा एका सहकारी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. नऊ वर्षं मी 'हंगामी' होतो. हंगामी म्हणजे बॉयलर पेटला की कामावर, विझला की घरी. पण माझं अक्षर वळणदार, म्हणून उन्हाळ्यातसुद्धा मला सभांची प्रोसिडिंग बुकं लिहायला बोलवून घेत. त्या वर्षी मात्र बॉयलर पेटलाच नाही. ऊसच नव्हता. शिवारात जो काही वाळका उभा होता तो चारा छावणीतल्या जनावरांनी खाल्ला. तोडणीच्या टोळ्या दसऱ्यालाच गाड्या भरून पश्चिमेकडं निघून गेल्या होत्या. कारखान्यात कामगार कपातीची यादी होतेय अशी बातमी रोज यायची. तिच्या जोडीला दुसरी यादी होती, हंगामीतल्या मोजक्या लोकांना कायम करायची. दोन्ही याद्या चेअरमनसाहेबांच्या खिशात आहेत असं म्हणत. त्यामुळं आम्ही सगळे नमस्कार करताना साहेबांच्या तोंडाकडं कमी आणि खिशाकडं जास्त बघायचो.

अशात चेअरमनसाहेब अभ्यास दौरा करून आले. साखरेचा अभ्यास करायला निवडक संचालक कुठल्याशा थंड देशात गेलते. तिथं साखर कारखाना होता की नव्हता हे कुणी नीट सांगितलं नाही. पण ज्या हॉटेलात उतरले त्याच्या मागं नजर पोचेल तिथवर हिरवं गवत होतं आणि त्यावर म्हातारी म्हातारी माणसं बारक्या बॉलला काठीनं मारत निवांत हिंडत होती, हे मात्र सगळ्यांनी सांगितलं. साहेबांच्या ते मनात बसलं. येताना त्यांनी काठ्यांची एक भलीमोठी पिशवी आणली. ती मुंबईहून जीपच्या टपावर बांधून आली. मांजरसुंब्याला चहाला थांबले तेव्हा ढाब्यावरच्या लोकांना वाटलं, बोअर पाडायचं काहीतरी नवं यंत्र आलंय. दोघांनी तर "आमच्याकडं कधी लावता?" म्हणून ड्रायव्हरला नंबरसुद्धा लावायला सांगितला म्हणे.

संचालक मंडळाच्या पुढच्या सभेत छावणीच्या चाऱ्याचा विषय पुढच्या सभेवर ढकलून झाला. मग 'ऐनवेळी येणारे विषय' यात साहेब उभे राहिले.

"तिकडं पाच-पाच वर्साची लेकरं हा खेळ खेळत्यात," साहेब म्हणाले. "आपली कावून न्हाई खेळायची? आपली काय निस्ती ऊस तोडायलाच जन्माला आली का?"

टाळ्या पडल्या. ठराव लिहिणारा मीच, त्यामुळं तो आजही तोंडपाठ आहे: ग्रामीण भागातील मुलामुलींमध्ये गोल्फ या खेळाची आवड निर्माण व्हावी म्हणून सहकारी तत्त्वावर गोल्फ उपसमिती स्थापन करण्यात यावी. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. चहाच्या वेळी अमुक आणि तमुक दोघांनीही मला वेगवेगळं कोपऱ्यात घेतलं आणि विचारलं, "हे गोल्फ म्हंजे नेमकं काय हाय बे?"

पहिलं भांडण होलवरून झालं. या खेळाला बॉल घालायला अठरा होल लागतात असं कळल्यावर प्रत्येक संचालकाला आपल्या गटात होल पाहिजे होता. "मागच्या टायमाला वजनकाटा तुमच्याकडं गेला, आता होल आमच्याकडं," इथपर्यंत बोलणं गेलं. शेवटी तूर्त तीनच होल करावेत आणि तिन्ही कारखान्याच्या आवारात असावेत, बाकीच्या पंधरांचा विचार पाऊसपाणी बघून करावा, असं ठरलं. मैदान शोधावं लागलं नाही. हंगामात जिथं उसाच्या गाड्या रात्रंदिवस रांगा लावून उभ्या राहायच्या ते यार्ड ओस पडलं होतं. वजनकाट्यापासून गेस्ट हाऊसपर्यंत काळी, टणक, भेगाळलेली जमीन. फक्त गेस्ट हाऊसच्या दाराशी, शेवटच्या होलाभोवती, दोन खोल्यांएवढी हिरवळ लावली. तिला रोज टँकरचं पाणी. "हे पाणी पिण्याच्या लायकीचं नाही" असा एक दाखला मी स्वतः टाईप केला आणि फायलीला लावला.

आता लेकरू पाहिजे होतं. उद्घाटनाला मुंबईहून सहकार खात्याचे मोठे साहेब येणार होते. ते दुष्काळ पाहणीच्या दौऱ्यावर होते, दुपारचं जेवण आमच्याकडं होतं. त्यांच्यासमोर गावाकडचं एखादं लेकरू गोल्फ खेळताना दिसलं की ठरावाचं सार्थक. चेअरमनसाहेबांची नातवंडं पुण्याला, त्यांना ऊन सोसत नव्हतं. कायम असलेल्या कामगारांची लेकरं एका दिवसात मामाच्या गावाला गेली. चौसाळ्यात एवढे मामा राहतात हे मला तेव्हा कळलं. उरलो आम्ही हंगामी. साहेबांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "तुमची पोरगी लई हुशार हाय म्हणं? आणा तिला." मी "होय साहेब" म्हणालो. नऊ वर्षांत माझ्या तोंडाला ते दोन शब्द इतके बसले होते की दुसरं काही यायलाच जागा नव्हती.

घरी सांगितलं तर बायको पातेलं घासता घासता थांबली. पातेलं राखेनं घासायची आणि फडक्यानं पुसायची, पाणी लावायची चैन नव्हती.

"गवताला रोज टँकर," ती म्हणाली, "आन माझ्या लेकीच्या डोक्यावरून आठ दिस झाले पाणी न्हाई. आन तिनं त्या गवतावर जाऊन काठी हाणायची? वा! लई मोठं डोकं हाय तुमच्या साहेबांचं."

"यादी निघणारे," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. यादीचं नाव काढलं की आमच्या घरात वाद संपायचा. दुसऱ्या दिवशी तिनं मुलीच्या फ्रॉकला दोन खिसे शिवून दिले, बॉल ठेवायला.

साहेबांनी आणलेल्या काठ्या माझ्या मुलीच्या खांद्याच्या वर जायच्या. म्हणून मी तिला वर्कशॉपात चाचांकडं नेलं. चाचा म्हणजे आमचे सगळ्यात जुने फिटर. कारखान्यात यायच्या आधी ते नगरला लष्कराच्या वर्कशॉपात होते आणि तिथल्या अफसरांच्या मोडक्या काठ्या त्यांच्याचकडं दुरुस्तीला यायच्या. आख्ख्या कारखान्यात गोल्फ डोळ्यांनी बघितलेला हा एकच माणूस, म्हणून उपसमितीत त्यांना घ्यायचं कुणाला सुचलं नाही. चाचांनी साहेबांची एक काठी हातात तोलली, कापली, मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आणि पोरीच्या उंचीची करून दिली. मग तिला यार्डात उभी करून म्हणाले, "बॉल को देख बेटी. मेरे को नक्को देख, अब्बा को बी नक्को देख. बॉल को देख."

पंधरा दिवस ती रोज सकाळी ऊन चढायच्या आत शिकत होती. मी ऑफिसच्या खिडकीतून बघायचो. पहिले दोन दिवस ढेकळंच उडाली. तिसऱ्या दिवशी बॉल उडाला आणि पोरगी मागं वळून बघायलाच विसरली, बॉलच्या मागं पळत सुटली. खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. या खेळाला मी घरी शिव्या घालत होतो, पण आपलं लेकरू काहीतरी अवघड करतंय आणि ते त्याला जमतंय, हे बघताना माणूस सगळं विसरतो. भेगेत बॉल पडला की चाचा तारेचा आकडा घालून बाहेर काढायचे. तिला त्याचंही कौतुक. "बाबा, जमीन बॉल गिळती," असं तिनं मला सांगितलं, "पण चाचा वकायला लावतेत."

ज्याचे फटके कमी तो जिंकला, एवढं सांगून झाल्यावर चाचांनी तिला नियम एकच शिकवला. "इस खेल में अंपायर नै रैता बेटी. अपनी मार अपनेच गिनने की. हुकी तो बी गिनने की. और साथवाले की बी गिनने की, चुपचाप. कोई पूछा तो बोलने का. नै पूछा तो जेब में." मोजायला तिनं चिंचोके घेतले. उजव्या खिशात स्वतःच्या फटक्यांचे आणि डाव्या खिशात सोबत्याच्या. सोबती म्हणजे चाचाच. फटका मारला की मुठीतला एक चिंचोका खिशात. घरी आली की दोन्ही खिसे जमिनीवर ओतायची आणि कोण किती ते आईला सांगायची. मी तिला वीसपर्यंत पाढे शिकवले होते, त्यामुळं तिला मोजण्याचा भारी शौक होता. जिना चढताना पायऱ्या मोजायची, छावणीपुढून जाताना बैल मोजायची.

तिकडं उपसमितीही संध्याकाळी खेळत होती आणि तिथं मोजायची रीत वेगळी होती. सहकारात वाढलेली माणसं, एकट्यानं काही ठरवायची सवय नाही. कुणाचा फटका हुकला की तो म्हणायचा, "वारं आलं." मग चर्चा. मग हात वर. बहुमत पडलं तर फटका रद्द. बॉल भेगेत गेला तर तो निसर्गाचा प्रकोप धरायचा, आणि बुटानं थोडा पुढं सरकला तर तशी नोंदच करायची नाही. हळूहळू सगळ्यांना अंदाज आला की साहेबांचे फटके एका ठरावीक आकड्याच्या पुढं जात नाहीत. साहेबांनी शेवटचा बॉल होलात ढकलला की कुणीतरी म्हणायचं, "सात!" आणि सगळे हात वर करायचे. मी वहीत सात लिहायचो. साहेबांना मी वाईट म्हणणार नाही. माणूस मोकळा होता, माझ्या पोरीला दिसली की बिस्किटाचा पुडा द्यायचा. त्यांना खरंच वाटत असावं की सातच झाले. इतके हात वर झाल्यावर कुणालाही वाटेल.

उद्घाटनाचा दिवस आला. हिरवळीला लागून मंडप, सतरंज्या, हार. मोठे साहेब छावणी बघून आले होते, पांढऱ्या शर्टावर धूळ होती आणि ते फार बोलत नव्हते. चेअरमनसाहेबांनी भाषण केलं. मग जाहीर झालं की आमच्या कारखान्याची बालखेळाडू आणि चेअरमनसाहेब मिळून वजनकाट्यापासून हिरवळीपर्यंतचा एक होल खेळून दाखवतील. कल्पना उपसमितीचीच. सात वर्षांच्या पोरीपुढं साहेब उठून दिसतील असा हिशेब होता.

पोरगी पुढं झाली, बॉलकडं बघितलं आणि मारला. बॉल सरळ गेला. मोठे साहेब पहिल्यांदाच हसले आणि "वा" म्हणाले. त्यांच्या 'वा' वरून मला समजलं की या माणसाला हा खेळ येतो. मग चेअरमनसाहेबांची पाळी. पहिला फटका हुकला. दुसरा हुकला. तिसऱ्याला बॉल लिंबाखाली गेला, चौथ्याला भेगेत. ऊन मी म्हणत होतं, साहेबांचा फेटा सुटत आला होता, आणि त्यांच्या मागं सगळं संचालक मंडळ वरातीसारखं चालत होतं. पोरगी त्यांच्या बाजूनं, दोन पावलं अंतर ठेवून. तिचा हात खिशात जात होता आणि बाहेर येत होता. ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसावं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, कुणी विचारू नका, कुणी विचारू नका.

पोरीचा बॉल आधी होलात गेला. "आठ," तिनं स्वतःहून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चार फटके होऊन साहेबांचाही गेला आणि कुणीतरी ओरडलं, "सात!" भराभर हात वर झाले. "सात, सात! साहेब एकानं जिंकले!" मोठ्या साहेबांनी त्या वर झालेल्या हातांकडं बघितलं. गोल्फमध्ये मतदान त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं असणार. मग ते पोरीपुढं गुडघ्यावर बसले आणि प्रेमानंच विचारलं, "बाळ, तू साहेबांची जोडीदार ना? मग साहेबांचे किती झाले, तू सांग."

कुणी विचारलं तर सांगायचं, हा नियम होता. तिनं डावा खिसा उलटा केला आणि तळवा पुढं धरला. तळव्यावर मावेनात म्हणून दोन्ही हातांची ओंजळ केली. "अकरा," ती म्हणाली.

वर राहिलेले हात खाली आले. चेअरमनसाहेब हसले, पण ते हसणं तोंडापुरतंच होतं. "ऐकलं का," त्यांनी मला विचारलं, "तुमची पोरगी काय म्हणती?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मोठे साहेबही. आणि पोरगीही, तिच्या तोंडावर तर हसू होतं. तिला वाटलं, बाबा आता सांगतील की अकराच झाले, कारण बाबांनी खिडकीतून नाही, समोर उभं राहून बघितलंय.

मी मोठ्यानं, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो, "लहान हाय साहेब. मोजण्यात चुकती."

हशा पिकला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चेअरमनसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आसू द्या, आसू द्या, लेकरू हाय," म्हणाले. मोठे साहेब उठले, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जेवायला चला म्हणाले. पोरगी ओंजळ तशीच धरून उभी होती. तिच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. ती चिंचोक्यांकडं बघत होती. मंडपाच्या खांबापाशी चाचा होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, खाली पडलेला बॉल उचलून शर्टाला पुसत राहिले.

मला वाटलं होतं ती रडेल, रुसेल, मला बोलेल. तिनं तसलं काही केलं नाही. संध्याकाळी घरी आलो तर ओसरीवर फरशीवर बसून ती फटके मांडत होती. "पहिला हुकला," म्हणून एक चिंचोका ठेवला. "दुसरा पण हुकला." दुसरा ठेवला. "मग लिंबाखाली. मग भेगेत..." अकरा झाले. सगळे गोळा करून तिनं पुन्हा मांडले. पुन्हा अकरा. तिसऱ्यांदा मांडताना मधेच थांबली आणि मला म्हणाली, "बाबा, मी कुठं चुकले?"

मी म्हणालो, "असू दे, जेव आता."

तिनं थोडा विचार केला. मग त्यातले चार चिंचोके उचलून बाजूला ठेवले आणि स्वतःलाच समजावलं, "हे चार माझ्याकडून जास्तीचे पडले असतील."

बायको दारात उभी होती. कॉलनीतल्या बायकांकडून तिच्यापर्यंत सगळं आलं होतं. "पोरीला मोजता येत न्हाई का?" ती मला म्हणाली. आवाज चढवला नाही, याचंच मला भ्या वाटलं. "मग वीसपर्यंत पाढे तिला कुणी शिकवले? तुमच्या चेअरमननं?"

पुढच्याच महिन्यात यादी निघाली. माझं नाव कायमच्या यादीत होतं. माझ्यापेक्षा जुने दोघं कपातीच्या यादीत गेले. बायकोनं ऑर्डर हातात घेतली, वाचली, देवापुढं ठेवली आणि गूळ-शेंगदाणे वाटले. साखर कारखान्याच्या कॉलनीत त्या वर्षी साखर कुणाच्याच घरात नव्हती. मी खूश झालो. का होऊ नये? नऊ वर्षं वाट बघितली होती. पण त्याच आठवड्यात शाळेतल्या बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "हिला काय झालंय? गणित बरोबर सोडवती आन मग खोडती." पाटी दाखवली. खोडलेलं उत्तर खालून दिसत होतं, बरोबर होतं. घरी तिला सहज विचारलं, आठ आणि पाच किती? ती बोटं मोजत बसली नाही. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "तेरा का, बाबा?" पूर्वी ती मला उत्तर सांगायची. आता मलाच विचारायला लागली. जिन्याच्या पायऱ्या मोजणं तिनं सोडलं होतं, ते मला तेव्हा लक्षात आलं.

त्या दिवशी मला राग आला. आला तो स्वतःचाच. पण ऑर्डर देवघरात सुखरूप आल्यावर आला, हेही लपवत नाही.

सहकारात सभेचा पहिला विषय ठरलेला असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागच्या वेळी काय काय झालं ते कारकून वाचतो, सगळे मंजूर म्हणतात, अध्यक्ष सही करतात आणि मग ते खरं ठरतं. आमच्याकडं हे इतिवृत्त कच्च्या कागदावरून बुकात उतरवायचं काम पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी व्हायचं. गोल्फ उपसमितीची सभा लागली; तिची मागील सभा म्हणजे कागदोपत्री तो उद्घाटनाचाच कार्यक्रम. बुक माझ्यापुढं उघडं होतं. मी पेनात शाई भरली आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'मा. चेअरमनसाहेबांनी सदर होल अकरा फटक्यांत पूर्ण केला. कु. बालखेळाडू हिने तो आठ फटक्यांत पूर्ण केला. मोजणी बालखेळाडू हिने केली व ती बरोबर होती.' टिपकागद दाबला आणि पुन्हा बघितलं. ओळ वाकडी आली नाही, तेवढंच.

सभेला मी मुलीला बरोबर नेलं. तिला गेस्ट हाऊसच्या पायरीवर, उघड्या दारापाशी बसवलं आणि सांगितलं, "आत मी काय वाचतो ते ऐक." टँकर बंद झाल्यानं हिरवळ तोपर्यंत पिवळी पडली होती आणि कुणाच्या तरी शेळ्या ती खात होत्या. आत पंखा फिरत होता. सभासद टँकरच्या फेऱ्यांबद्दल आपापसांत बोलत होते, कुणी पान लावत होता, साहेब एका कागदावर सही करत होते. मी उभा राहिलो आणि वाचायला लागलो. उपस्थिती वाचली, स्वागत वाचलं, हारतुरे वाचले. मग ती ओळ आली. मी ती ओळ वाचली. पूर्ण वाचली, अकरासकट.

काहीच झालं नाही. पंखा फिरत होता. पान लावणाऱ्यानं पान तोंडात घातलं. "मंजूर," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांचे हात वर झाले. चेअरमनसाहेबांनी बुक ओढून घेतलं, मी बोट ठेवलं तिथं सही केली आणि म्हणाले, "चला, पुढचा विषय." इतिवृत्त वाचताना आजवर कुणी ऐकलंय? नऊ वर्षांत मला ते माहीत नव्हतं असं थोडंच आहे.

पण माझ्या दृष्टीनं काम झालं होतं. बुकात अकरा, खाली साहेबांची सही, सर्वानुमते. बाहेर आलो तेव्हा मला हलकं हलकं वाटत होतं. पोरीचा हात धरला आणि यार्डातून घराकडं निघालो. निम्म्या यार्डापर्यंत आलो. मीच विचारलं, "ऐकलंस ना? तू चुकली नव्हतीस. अकराच होते. आता ते बुकात पण आलं, साहेबांनी सही केली."

"ऐकलं," ती म्हणाली. थोडं पुढं जाऊन तिनं माझा हात सोडला, भेगेवरून उडी मारली आणि पलीकडून माझ्याकडं बघितलं.

"पण बाबा," ती म्हणाली, "त्या दिशी चुकती म्हणलतं ते लई मोठ्यानं म्हणलतं. आज अकरा लई हळू वाचलं."